चकमक झडते, लढाई होते



मराठी माणूस युद्ध पुकारतो, वैर धरतो, भांडण उकरून काढतो, लढाईला तोंड लावतो. चकमक मात्र उडते, नाही तर झडते. ‘दोन तुकड्यांत चकमक झाली’ हे वाक्य आज सर्रास छापले जाते आणि त्यात चूक काही नाही, कारण ‘होणे’ हे क्रियापद कोणत्याही नामाला चालते. पण ज्याचा कान तयार आहे तो ‘चकमक उडाली’ किंवा ‘चकमक झडली’ असेच म्हणतो. तंटा उडत नाही, युद्ध झडत नाही. मग चकमकच का उडते आणि झडते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपण आग पेटवण्याच्या एका जुन्या साधनापाशी पोचतो आणि तिथून थेट मध्य आशियात. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे पुरावे तुम्हाला त्याच्यावर घासून बघता येतील. ‘चकमक’ या शब्दाचा देह तुर्की आहे. त्याला झटापटीचा अर्थ मात्र इथे, दख्खनेत मिळाला. आणि तो अर्थ आला बंदुकीतून नव्हे, तर गारेवर पोलाद मारण्याच्या हाताच्या हालचालीतून.

आधी ती वस्तू नीट पाहू, कारण ती डोळ्यांसमोर नसेल तर शब्दही कळणार नाही. काडेपेटी येण्याआधी विस्तव पाडायला तीन गोष्टी लागत: एक कठीण दगड, एक पोलादी तुकडा आणि चटकन धुमसणारे काही तरी, म्हणजे सावरीचा कापूस, करपवलेली चिंधी असे काही. दगड आपल्याकडे मुबलक. ज्या काळ्या कातळावर पालीचा सरसगड उभा आहे, त्याच कातळाच्या पोकळ्यांत गारगोटी तयार होते आणि पुढे नदीनाल्यांच्या पात्रांत सुटी सापडते. उजव्या हातात पोलाद, डाव्या हातात गार आणि गारेच्या कडेला चिमटीत धरलेला कापूस. पोलाद गारेवरून तिरके ओढून मारले की ठिणग्या पडतात, कापूस धरतो, आणि मग फुंकर घालून गवत किंवा काटकी पेटवायची. आता ठिणगी कशाची? आपण सहज म्हणतो, दगडातून ठिणगी निघाली. वस्तुस्थिती उलटी आहे. गारेची कठीण धार पोलादाचा बारीक कीस काढते, तो कीस घर्षणाने इतका तापतो की हवेतच पेट घेतो. जळते ते लोखंड. दगड नुसता खरवडतो. हा तपशील शास्त्राच्या हौसेपोटी सांगत नाही. तुर्की भाषेत ‘चाकमाक’ म्हणजे मुळात हा पोलादी तुकडाच. दगडाला तिथे ‘चाकमाक ताशी’, म्हणजे चकमकीचा दगड, असे वेगळे नाव आहे. हिंदीतही ‘चकमक पत्थर’ म्हणतात. दगडाचेच नाव चकमक असते, तर त्याच्यामागे पुन्हा ‘पत्थर’ जोडायचे कारण पडले नसते. पुढे अर्थ सैलावला. आधी पोलाद, मग पोलाद आणि गार मिळून होणारा संच, आणि शेवटी काही भाषांत निव्वळ दगड, अशी ती उतरण आहे.

मराठीला हा शब्द का घ्यावा लागला, हेही पाहिले पाहिजे. अग्नी निर्माण करण्याची आपली जुनी परंपरा लाकडाची आहे. यज्ञात अग्निमंथन होते ते अरणींनी. शमीवर उगवलेल्या अश्वत्थाचे लाकूड त्यासाठी उत्तम मानलेले. ‘मथणे’ हे क्रियापद ताकाला आणि अग्नीला एकच, कारण दोन्हीकडे घुसळण आहे. लाकडात अग्नी दडलेला असतो, तो घुसळून प्रकट करायचा, ही कल्पना आपल्या तत्त्वचिंतनात आणि संतवाङ्मयात इतकी मुरली आहे की अग्नी म्हटल्यावर काष्ठ आठवावे. दगडासाठी ‘गार’ आणि ‘गारगोटी’ हे शब्द आपल्याकडे होतेच, उडणाऱ्या कणासाठी ‘ठिणगी’ होती. कुणी म्हणेल, शब्द होते म्हणजे गारेतून विस्तव पाडण्याची विद्याही असणार. असेलही, मला ती नाकारायची नाही. वस्तू आणि तिचे नाव यांचा प्रवास एकत्रच झाला पाहिजे असा नियम नाही. पण खिशात किंवा कमरेच्या कसनीत बाळगायचा, मुठीत बसेल असा घडवलेला पोलादी तुकडा, हे एक स्वतंत्र हत्यार होते, आणि त्या हत्याराला मराठीने बाहेरचे नाव दिले. दगडाचे नाव घरचे राहिले, लोखंडाचे नाव परके आले. ही विभागणीच पुरेशी बोलकी आहे.

आता मूळ. तुर्की भाषांमध्ये ‘चाक-’ हा धातू आहे. त्याचा अर्थ आघात करणे, ठिणगी पाडणे. त्याला ‘-माक’ हा प्रत्यय लागला की ‘चाकमाक’ होते. या प्रत्ययाने क्रियेचे नाव बनते आणि कधी कधी त्या क्रियेच्या साधनाचेही. महमूद काशगरी याने अकराव्या शतकात, १०७० नंतरच्या दशकात, बगदादमध्ये बसून तुर्की शब्दांचा जो अरबी कोश रचला, त्यात हा शब्द आग पाडण्याच्या साधनाचे नाव म्हणून आला आहे. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या दोनशे वर्षे आधी तो तुर्कीत रुळलेला होता. तिथून तो फारसीत गेला आणि फारसीच्या बोटाला धरून हिंदुस्थानात उतरला. त्याची दुसरी वाट पश्चिमेला फुटली. उस्मानी साम्राज्याबरोबर तो बाल्कन देशांत पोचला; बल्गेरियन भाषेत आजही ‘चाकमाक’ आहे, ग्रीकमध्ये ‘त्साकमाकी’ म्हणजे सिगारेट पेटवायचा लायटर. तुर्कस्तानातल्या पानटपरीवर तुम्ही ‘चाकमाक’ मागितलात तर तुमच्या हातावर लायटरच पडेल. पूर्वेकडे बघा. हिंदीत चकमक, गुजरातीत चकमक, कानडीत चकमकि, तेलुगूत चेकुमुकि, तमिळमध्ये चक्किमुक्कि. अथेन्सपासून मदुराईपर्यंत एकच शब्द, एकाच वस्तूसाठी. या पट्ट्याच्या मधोमध तुर्की आणि फारसी सत्तांचा प्रदेश येतो, आणि दोन्ही टोकांना त्या सत्तांची सैन्ये पोचली होती. या नकाशाइतका भक्कम पुरावा व्युत्पत्तीच्या क्षेत्रात क्वचित मिळतो.

तरीही एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. मराठीत चकचक आहे, चकाकणे आहे, चमक आहे, झगमग आणि लखलख आहे. चकाकते ते ‘चक’, त्याला ‘मक’ हा अनुप्रास जोडला की झाली चकमक. त्यासाठी समरकंदला कशाला जायचे? शब्द संस्कृतातून किंवा नादातून आला असेल असे आधी गृहीत धरायचे, ही आपल्याकडे एक मोठी परंपरा आहे. पालीहून जवळच्या वरसईशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, त्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी मराठी शब्द संस्कृत धातूंपर्यंत नेऊन भिडवण्यासाठी अफाट श्रम केले. त्यांच्या त्या श्रमांमुळेच आपण आज असे प्रश्न विचारू शकतो. पण या शब्दापुरती ती वाट चालत नाही. एक तर नादातून झालेले आपले जोडशब्द प्रकाशाचा परिणाम सांगतात, वस्तू सांगत नाहीत. लखलख कुणी हातात धरत नाही, झगमग कुणी कनवटीला लावत नाही. चकमक मात्र हातात धरता येते. दुसरे, या नादशब्दांना ‘-आट’ प्रत्यय आपोआप लागतो. लखलखाट, झगमगाट, चकचकाट हे सगळे आपण म्हणतो. दिव्यांचा ‘चकमकाट’ झाला असे कुणी सहसा म्हणत नाही. तिसरे, फारसी लिपीत हा शब्द लिहिताना शेवटी घशातून उच्चारायचा काफ येतो, जो तुर्की-अरबी शब्दांची खूण आहे. देशी ‘क’ असता तर तो साध्या अक्षराने लिहिला गेला असता. आणि चौथे, मराठी नादातून घडलेला शब्द बल्गेरियात कसा पोचला, याचे उत्तर आक्षेप घेणाऱ्याला द्यावे लागेल. एवढे मात्र मी मान्य करतो की शब्द इतक्या सहज रुजला याचे श्रेय आपल्या चकचक आणि चमक या शब्दांनाच आहे. पाहुणा घरच्या मंडळींसारखा दिसत होता, म्हणून दारात कुणी अडवला नाही. ‘ती चकमक’ असे स्त्रीलिंग त्याला मिळाले तेही बहुधा ‘ती चमक’, ‘ती ठिणगी’ यांच्या पंगतीत बसल्यामुळे. फारसी-तुर्कीत नामाला लिंग नसतेच.

शब्द एकटादुकटा येत नाही, लवाजम्यासह येतो. चकमकीबरोबर कोण आले ते पाहिले की तिची वाट कळते. ‘कुमक’ तुर्की, ‘तोफ’ तुर्की, तंबूभोवतीची ‘कनात’ तुर्की, आणि मशालची, तोफची यांतला कामकऱ्याचे नाव बनवणारा ‘-ची’ हा प्रत्ययही तुर्की. सगळे छावणीतले शब्द. देवघरातला एकही नाही, शेतातला नाही. दख्खनेत या छावण्या बहमनी काळापासून होत्या. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचा संस्थापक सुलतान कुली हा तुर्कमान घराण्यातला, आणि विजापूरच्या बुरुजावरची मुलुखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगरात ओतली ती महंमद बिन हसन रूमी या कारागिराने. रूमी म्हणजे उस्मानी तुर्कांच्या मुलखातला. पालीत उभे राहून हा विषय मांडताना एक मोह होतो, तो उघड सांगतो. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर दुर्गादास राठोडाबरोबर १६८१ साली आश्रयाला आला तो याच भागात, सुधागडाच्या छायेत. संभाजी महाराजांनी त्याची भेट घेतली ती त्याच वर्षी नोव्हेंबरात, इथल्याच पातशहापुरात. ज्या बाबराने आपली आत्मकथा चगताई तुर्कीत लिहिली, त्याचा हा वंशज. तेव्हा चकमक इथे त्याच्याच तळावरून आली, अशी गोष्ट रचणे फार सोपे आहे आणि ऐकायलाही गोड लागेल. पण ती खरी धरता येत नाही. एक शहाजादा चार दिवस राहिला म्हणून गावचे शब्द बदलत नाहीत. शब्द बदलतात ते पिढ्यान् पिढ्या एका छावणीत शेजारी जेवणाऱ्या शिपायांमुळे, आणि मराठे सरदार व त्यांचे शिलेदार निजामशाहीत, आदिलशाहीत असे शेजारी जेवत होतेच.

त्या शिपायाला चकमक रोज लागे. सतराव्या शतकातली आपल्याकडची बंदूक मुख्यतः तोड्याची. तोडा म्हणजे धुमसती ठेवायची दोरी, तिलाच जामगी म्हणत. बंदुकीच्या कानावर रंजक, म्हणजे पेटवण्याची दारू, ठेवायची, तोड्याचे धुमसते टोक तिला टेकवायचे, की बार उडे. म्हणजे बंदुकीला स्वतःची आग नव्हती. ती माणसाने बाळगायची. कोकणातल्या पावसात, घाट चढताना, रात्री शत्रूला शेकोटी दिसू नये म्हणून अंधारात बसल्यावर तोडा पुन्हा पेटवायला चकमकच हवी. आणि मग लढाई संपल्यावर तीच चकमक चिलमीला. तंबाखू दख्खनेत पोर्तुगिजांच्या व्यापारातून आधी आली. अकबर बादशहाच्या दरबारात ती पहिल्यांदा नेली असद बेगने, तीही विजापूरहून. तंबाखूच्या व्यसनाने चकमक शिपायाच्या पडतळातून शेतकऱ्याच्या कनवटीला आणि धनगराच्या झोळीत नेली, असे माझे अनुमान आहे. लष्करी शब्द लोकांच्या तोंडी इतका खोल उतरायचा तर त्यामागे असे रोजचे, छोटेसे, लागलेच पाहिजे असे काम असावे लागते. ‘कुमक’ हा तिचा सोबती लष्करातच राहिला. चकमक घरोघरी गेली.

आता अर्थाचा मुख्य प्रश्न. चकमकीने विस्तव पाडण्याच्या क्रियेला मराठीत ‘चकमक झाडणे’ म्हणत. झाडणे हे सकर्मक, झडणे हे अकर्मक. पाडणे-पडणे, मारणे-मरणे अशीच ही जोडी. हाताने चकमक झाडली की ठिणग्या झडतात, उडतात. म्हणजे ज्या दोन क्रियापदांशी भांडणातली चकमक आजही बांधलेली आहे, ती दोन्ही मुळात या साधनाच्या वापरातली आहेत. माणसे विसरली तरी क्रियापद विसरले नाही. झडणे हे क्रियापद इतरत्रही येते, हे मला ठाऊक आहे. नौबत झडते, चौघडा झडतो, आरोपांच्या फैरी झडतात, चर्चाही झडते. पण ही सगळी उदाहरणे एकाच जातीची आहेत; घाव एकामागून एक, लागोपाठ पडतात तिथे आपण ‘झडणे’ म्हणतो. उडणे मात्र ठिणगीचे. झडणे आणि उडणे ही दोन्ही एकाच नामाला लागावीत, हे जिथे घाव आणि ठिणगी दोन्ही आहेत तिथेच घडते, आणि अशी वस्तू एकच. शिवाय अर्थाचा आकार पाहा. चकमक म्हणजे मोठे युद्ध नव्हे. दोन कठीण पदार्थ क्षणभर एकमेकांना घासतात, लख्ख होते, पुन्हा वेगळे होतात. पेटले तर पुढे वणवा, नाही तर काहीच नाही. विधिमंडळात दोन सदस्यांची शाब्दिक चकमक उडाली असे आपण म्हणतो, तेव्हा हाच आकार अभिप्रेत असतो: थोडा वेळ, तीव्र, दोन्ही बाजूंनी, आणि निकाल लागलाच पाहिजे असे नाही.

हा अर्थ कुठे कुठे आहे ते पाहिले तर आणखी एक गोष्ट हाती लागते. हिंदीत चकमक म्हणजे दगड आणि तेवढेच. भोपाळच्या ‘एकलव्य’ संस्थेने १९८५ साली मुलांसाठी मासिक काढले, त्याचे नाव ‘चकमक’ ठेवले, कारण हिंदी वाचकाच्या मनात त्या नावाने जिज्ञासेची ठिणगी उभी राहते. तेलुगूतही मुलांच्या विज्ञानमासिकाला ‘चेकुमुकि’ नाव आहे, त्याच कारणाने. मराठीत मुलांच्या मासिकाला हे नाव द्यायचे तर संपादक दहा वेळा विचार करील. आपल्याकडे त्यातून आधी गोळीबार ऐकू येतो. हिंदीला झटापटीसाठी मुठभेड, झड़प असे दुसरे शब्द लागतात. पण कानडी वर्तमानपत्र उघडा: ‘गुंडिन चकमकि’ म्हणजे गोळ्यांची चकमक, ‘मातिन चकमकि’ म्हणजे शब्दांची चकमक, नेमके आपल्यासारखे. गुजरातीत दोघांमध्ये ‘चकमक झरते’, म्हणजे ठिणग्या झरतात. ही रेघ नकाशावर ओढली की गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटक असा एक सलग पट्टा होतो आणि मराठी बरोबर मधे येते. उत्तरेला हा अर्थ रूढ नाही, तेलुगू-तमिळकडे नाही. मराठ्यांच्या स्वाऱ्या आणि अंमल या तिन्ही प्रदेशांत एकाच काळात नांदला होता. अर्थ मराठीतून शेजारी गेला की शेजारून मराठीत आला, हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही; मला तो मराठी छावणीतून गेलेला वाटतो. पण तो या पट्ट्यातच घडला, एवढे निश्चित म्हणता येते.

इथे दोन आक्षेप उभे राहतात. पहिला बंदुकीचा. पुढे तोड्याच्या जागी चकमकीची बंदूक आली. तिच्या घोड्यात गार बसवलेली असे, चाप ओढला की ती पोलादावर आपटे आणि रंजक पेटे. तेव्हा ‘चकमक उडाली’ म्हणजे बंदुका उडाल्या, हा सरळ अर्थ सोडून हाताच्या हालचालीपर्यंत कशाला जायचे? युक्तिवाद आकर्षक आहे, पण काळाशी आणि नावाशी जुळत नाही. मराठी सैन्यात ही बंदूक मोठ्या प्रमाणावर आली ती कवायती पलटणींबरोबर, म्हणजे महादजी शिंद्यांनी १७८४ साली त्या पलटणी उभारणाऱ्या दि बॉइनला चाकरीत घेतल्यानंतरच्या काळात. तोवर तोड्याचेच राज्य होते. आणि हिंदुस्थानात या बंदुकीचे एक रूढ नाव होते ‘पथरकला’. नाव ठेवणाऱ्याचे लक्ष तिथे दगडाकडे गेले, चकमकीकडे नाही. शिवाय बंदुकीतून अर्थ आला असता तर चकमक म्हणजे आधी गोळीबार आणि मग लक्षणेने वाद, असा क्रम लागला असता. आणि गुजरातीने ‘झरणे’ हे ठिणगीचे क्रियापद कशाला राखले असते? बंदुकीने या अर्थाला पुढे बळ दिले असेल, हे मी मानतो. जन्म दिला नाही. दुसरा आक्षेप तुर्कीच्या बाजूने. तुर्कीत ‘चाकिश्माक’ असे क्रियापद आहे, त्याचा अर्थ एकमेकांवर आदळणे. तेव्हा झटापटीचा अर्थही तिकडूनच आयात झाला नसेल कशावरून? पण त्या शब्दात ‘-इश-’ हा परस्परता दाखवणारा प्रत्यय आहे, आपल्या चकमकीत तो नाही. तुर्कीला ‘एकमेकांवर’ म्हणायला वेगळा प्रत्यय जोडावा लागला. मराठीने तीच परस्परता गार आणि पोलाद यांच्या जोडीत पाहिली. एकाच दृश्याकडे दोन भाषांनी स्वतंत्रपणे पाहिले, असे म्हणणे मला जास्त योग्य वाटते.

मग वस्तू गेली. इंग्लंडात जॉन वॉकरने घासून पेटणाऱ्या काड्या १८२७ साली विकायला काढल्या, पुढे स्वीडनने सुरक्षित काडी जगभर पसरवली, आणि १९२३ साली स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा कारखाना अंबरनाथला उभा राहिला. मराठीने या नव्या वस्तूला घरचे नाव दिले, काडेपेटी. आगपेटी आणि माचिस नंतर त्याच्या जोडीला आले. चकमकीचे काम संपले. साधारणपणे वस्तू गेली की शब्दही कोशात जाऊन निजतो. मोटेचे, जात्याचे कितीतरी शब्द आपल्या डोळ्यांदेखत तसे गेले. चकमक वाचली, कारण तिला दुसरे घर आधीच मिळालेले होते.

त्या दुसऱ्या घरात आज काय चालले आहे, याबद्दल मला मनापासून काही म्हणायचे आहे. गेल्या चार दशकांत ‘चकमक’ हा पोलिसी कारवाईचा शब्द झाला. ‘चकमकीत ठार’, ‘चकमकफेम अधिकारी’, ‘बनावट चकमक’. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात अशा मृत्यूंच्या तपासासाठी सोळा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. १९९५ ते १९९७ या काळातल्या मुंबईतल्या ९९ चकमकी आणि त्यांतले सुमारे १३५ मृत्यू हा त्या खटल्याचा विषय होता. एकेका मृत्यूत काय घडले हे ठरवणे न्यायालयाचे काम, भाषाभ्यासकाचे नव्हे. पण बातमी लिहिणारा ‘चकमक’ हा शब्द वापरतो, तेव्हा तो नकळत एक साक्ष देतो: दोन बाजू होत्या, दोन्ही कठीण होत्या, आघात दोन्हींकडून झाला. गारेशिवाय पोलादाला ठिणगी नाही. तपास व्हायच्या आधीच, पहिल्या दिवशीच्या बातमीत ही साक्ष छापली जाते, आणि शब्दच निकाल देऊन मोकळा होतो. यावर कुणी म्हणेल की शब्दाचे मूळ आजच्या वापराला बांधत नाही. ‘तेल’ म्हणताना कोण तीळ आठवतो? मान्य. मूळ बांधत नाहीच. पण इथे दोन बाजूंचा अर्थ मुळात अडकून पडलेला नाही, तो आजच्या मराठीत जिवंत आहे. एकटा माणूस एकट्याने शाब्दिक चकमक उडवू शकत नाही, हे शाळकरी मुलालाही कळते. आणि ‘बनावट चकमक’ हा शब्दप्रयोग मराठीला घडवावा लागला, तो तरी का? दुसरी बाजू नव्हती एवढेच सांगायला. भाषा स्वतःच कबूल करते की दुसरी बाजू नसेल तर ती चकमक नव्हे. म्हणून पहिल्या दिवशी ‘पोलिसांच्या गोळीबारात मृत्यू’ असे लिहावे आणि चकमक हा शब्द पुरावा येईपर्यंत राखून ठेवावा, एवढी अपेक्षा मी मराठी संपादकांकडून करतो.

राहता राहिला परकेपणाचा मुद्दा. शब्द तुर्की असेल तर तो ठेवायचा कशाला, असे विचारणारे आपल्याकडे थोर लोक होऊन गेले. शिवछत्रपतींनी राजव्यवहारकोश करवला. १९२५ साली फारसी-मराठी कोश रचून मराठीतले फारसी शब्द मोजणारे माधवराव पटवर्धनच पुढे भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले. त्या चळवळीचा हेतू मी कमी लेखत नाही. राज्य आपले असेल तर त्याचा कारभार आपल्या शब्दांत व्हावा, ही आकांक्षा न्याय्यच आहे. पण बल्लाळेश्वराच्या देवळातली घंटा पाहा. ती युरोपी घडणीची आहे. वसईच्या मोहिमेत पोर्तुगिजांचा पाडाव केल्यावर चिमाजी अप्पांनी ती इथे वाहिली असे परंपरा सांगते. तिचे ओतकाम परके आहे. पण तिचा टोल ऐकून पालीत आरतीची वेळ कळते, प्रार्थनामंदिराची नव्हे. चकमकीचे तसेच आहे. ओतकाम मध्य आशियातले, टोल इथला. तिला बाहेर काढून जी ‘झटापट’ ठेवायची, तिच्यात अंगाला अंग भिडते, धरपकड होते. ठिणगी तिच्यात नाही. त्या दोन शब्दांनी मराठीत वेगवेगळी कामे वाटून घेतलेली आहेत.

तेव्हा पुढचा मराठी कोश जो कुणी करील, त्याला या नोंदीसाठी एवढे सुचवतो. ‘चकमक’ स्त्रीलिंगी, मूळ तुर्की, मराठीत फारसीच्या वाटेने. पहिला अर्थ गारेवर मारायचा पोलादी तुकडा. दुसरा, पोलाद आणि गार यांचा संच. तिसरा, दोन पक्षांतला अल्पकाळचा तीव्र संघर्ष, शस्त्रांचा किंवा शब्दांचा. ‘चकमक झाडणे’ पहिल्या दोन अर्थांखाली द्यावे, ‘चकमक झडणे, उडणे’ तिसऱ्याखाली, आणि मधे एक टीप असावी की ही क्रियापदे एकाच हाताची आहेत. शेजारच्या कानडी आणि गुजराती रूपांचा उल्लेख करावा, हिंदीचा वेगळा अर्थ नोंदवावा. आणि ‘गार’ या नोंदीत उलटा संदर्भ द्यायला विसरू नये: चकमक पाहा.